नारळ कुणाला, हे करारातच लिहिलेलं असतं

एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची लीग फेब्रुवारीत सुपर बोल या अंतिम सामन्यानं संपते आणि लगेच याद्या सुरू होतात. संघ ३२, आणि प्रत्येक संघातून यंदा कुणाला नारळ मिळणार याचे अंदाज. मार्चच्या मध्यावर लीगचं नवं वर्ष सुरू होतं आणि त्याआधी प्रत्येक संघाला पगाराचा हिशेब मर्यादेत बसवावा लागतो. म्हणून त्या चार-पाच आठवड्यांत अंदाजांना ऊत येतो. दुसरी लाट ऑगस्टच्या शेवटी येते, तेव्हा सरावशिबिरातल्या ९० खेळाडूंतून ५३ निवडायचे असतात.

या याद्या मी मनापासून वाचतो. मार्चमधल्या याद्यांतली मोठी नावं बऱ्याचदा खरीही ठरतात. माझा आक्षेप वेगळा आहे. नाव बरोबर निघतं, पण त्यासमोर लिहिलेलं कारण चुकीचं असतं. 'खेळ उतरला', 'वय झालं', 'पगाराला साजेशी कामगिरी नाही' असे शेरे खेळाडूच्या नावापुढे मारले जातात, जणू परीक्षेला तोच बसला होता आणि नापास झाला. मोठा करार असलेला खेळाडू नेमका कोणत्या वर्षी बाहेर पडेल, हे बहुतेक वेळा करारावर सह्या झाल्या त्याच दिवशी बरंचसं ठरलेलं असतं. त्या तारखा आणि ते आकडे संघाच्या कार्यालयात बसलेल्या माणसांनी ठरवलेले असतात. अंदाज बांधणाऱ्यांनी प्रश्न विचारायचा असेल तर तो त्या माणसांना विचारला पाहिजे.

हे पटायला हिशेबाची रीत थोडी समजून घ्यावी लागेल. १९९४ पासून एनएफएलमध्ये सॅलरी कॅप आहे, म्हणजे एका संघानं खेळाडूंवर वर्षाला किती खर्च दाखवायचा याची कमाल मर्यादा. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती, २०२५ मध्ये २७ कोटी ९२ लाख. करार करताना खेळाडूला साइनिंग बोनस म्हणून मोठी रक्कम रोख मिळते, पण कॅपच्या वहीत ती जास्तीत जास्त पाच वर्षांत सारखी वाटून दाखवता येते. समजा चार वर्षांच्या करारात २ कोटी डॉलरचा बोनस आहे. वहीत दरवर्षी ५० लाख पडतात. तिसऱ्या वर्षी पगार १ कोटी २० लाख असेल, तर त्या वर्षी खेळाडूचा वहीतला भार १ कोटी ७० लाख होतो. दोन वर्षं संपल्यावर संघानं त्याला मोकळं केलं, तर पगार वाचतो, पण बोनसचे उरलेले दोन हप्ते, म्हणजे १ कोटी, एकदम वहीत येऊन पडतात. यालाच 'डेड मनी' म्हणतात. निव्वळ बचत ७० लाखांची. तोच निर्णय १ जूननंतरचा म्हणून नोंदवला, आणि संघाला दरवर्षी अशा दोन नोंदी करता येतात, तर यंदाच्या वहीत ५० लाख आणि पुढच्या वर्षी ५० लाख अशी विभागणी होते. मग यंदाची बचत १ कोटी २० लाखांवर जाते.

आता या उदाहरणात खेळाडूनं किती झेल घेतले, किती टॅकल केले, यातलं काहीच आलेलं नाही. तरीही तिसऱ्या वर्षाच्या मार्चमध्ये त्याचं नाव यादीत येणार हे कुणीही सांगू शकेल. पहिल्या वर्षी बचत शून्याखाली, दुसऱ्या वर्षी जेमतेम, तिसऱ्या वर्षी भरघोस, असाच करार रचलेला आहे. पगाराची हमीही साधारणपणे पहिल्या दोन वर्षांपुरतीच असते. म्हणजे चार वर्षांचा करार हा प्रत्यक्षात दोन वर्षांचा करार असतो, आणि पुढची दोन वर्षं हा संघाच्या हातातला पर्याय असतो. खेळाडूला मात्र तसा पर्याय नसतो. त्याचा खेळ बहरला तरी ती दोन वर्षं त्याला आधीच्याच दरात खेळावं लागतं.

२०२१ चा मार्च याचा चांगला पुरावा आहे. आदल्या हंगामात कोविडमुळे स्टेडियमं रिकामी राहिली, उत्पन्न घसरलं आणि कॅप १९ कोटी ८२ लाखांवरून १८ कोटी २५ लाखांवर आली. त्या वसंतात अनेक अनुभवी खेळाडूंना डच्चू मिळाला. एका वर्षात ते सगळे एकदम वाईट खेळू लागले नव्हते. वहीतली मर्यादा खाली आली होती, एवढंच.

पेटन मॅनिंग या क्वार्टरबॅकचं, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूचं, उदाहरण तर साऱ्यांना ठाऊक आहे, पण ते बहुधा भावनेच्या अंगानं सांगितलं जातं. २०११ चा पूर्ण हंगाम मानेच्या शस्त्रक्रियेमुळे तो खेळू शकला नाही. इंडियानापोलिस कोल्ट्सनी ७ मार्च २०१२ ला त्याला मोकळं केलं, कारण ८ मार्चला त्याला २ कोटी ८० लाख डॉलरचा बोनस द्यावा लागणार होता. शिवाय ड्राफ्टची, म्हणजे नवोदित खेळाडू पाळीपाळीनं निवडण्याच्या वार्षिक फेरीची, पहिली निवड कोल्ट्सच्या हाती होती आणि अँड्र्यू लकसारखा क्वार्टरबॅक समोर होता. 'आता तो पूर्वीचा मॅनिंग राहिलेला नाही' असं तेव्हा पुष्कळ जणांनी म्हटलं. २०१३ मध्ये डेन्व्हरकडून त्यानं एका हंगामात ५५ टचडाउन पासचा, म्हणजे थेट गुण मिळवून देणाऱ्या फेकींचा, विक्रम केला. कोल्ट्सचा निर्णय त्या दिवशीच्या माहितीवर अगदी अविचारी होता असं मी म्हणणार नाही. मानेच्या दुखण्याबद्दल खात्री कुणालाच देता येत नव्हती. पण त्या निर्णयाची तारीख त्याच्या मानेनं ठरवली नव्हती. ती करारातल्या बोनसच्या कलमानं ठरवली होती.

हे सगळं केवळ कागदोपत्री राहिलं असतं तर मी एवढा अस्वस्थ झालो नसतो. पण गेल्या काही वर्षांत हा हिशेब थेट मैदानावर उतरला आहे. डेरेक कार हा रेडर्स संघाचा नऊ वर्षांचा क्वार्टरबॅक. २०२२ च्या हंगामाचे दोन सामने उरले असताना त्याला बसवलं गेलं. त्या दोन सामन्यांत त्याला गंभीर दुखापत झाली असती, तर ४ कोटी ४ लाख डॉलरची हमी संघाच्या गळ्यात पडली असती. १५ फेब्रुवारी २०२३ ला ती रक्कम पक्की होणार होती. १४ फेब्रुवारीला त्याला मोकळं केलं गेलं. पुढच्याच वर्षी डेन्व्हर ब्रॉन्कोसमध्ये रसेल विल्सनच्या बाबतीत जवळपास तेच घडलं. शेवटचे दोन सामने त्याला बाकावर बसवलं गेलं. १७ मार्च २०२४ नंतर तो संघात राहिला असता, तर २०२५ च्या पगाराचे ३ कोटी ७० लाख पक्के झाले असते, आणि दुखापत झाली असती तर ते त्याआधीच संघाला बांधले गेले असते. हमीचं ते कलम बदल, नाहीतर बसवू, असं संघानं आपल्याला हंगामाच्या मध्येच सांगितल्याचं विल्सननं जाहीरपणे म्हटलं. प्रशिक्षक शॉन पेटन यांनी निर्णय खेळाच्या दृष्टीनं घेतल्याचं सांगितलं. दोघांतलं काय खरं, हे बाहेरून ठरवता येणार नाही. पण त्या हंगामात विल्सनचे २६ टचडाउन पास होते आणि इंटरसेप्शन, म्हणजे प्रतिस्पर्ध्यानं झेललेल्या फेकी, फक्त ८.

चाहत्याच्या बाजूनं पाहिलं तर ही गोष्ट साधी नाही. तिकीट काढून आलेला माणूस असं धरून चालतो की आपला संघ आज उपलब्ध असलेला सर्वांत चांगला खेळाडू उतरवेल. त्या जागी खेळाडूची तंदुरुस्तीच जोखीम ठरते आणि ती टाळण्यासाठी निरोगी माणसाला बसवलं जातं. मग त्या हंगामातले ते सामने नेमके कशासाठी खेळले गेले?

विल्सनला मोकळं करताना ब्रॉन्कोसच्या वहीत ८ कोटी ५० लाखांचा डेड मनी आला, तोवरचा लीगमधला सर्वांत मोठा. त्यातले ५ कोटी ३० लाख २०२४ मध्ये आणि ३ कोटी २० लाख २०२५ मध्ये दाखवले गेले. पिट्सबर्ग संघानं त्याला अनुभवी खेळाडूच्या किमान पगारावर, १२ लाख १० हजारांत घेतलं आणि बाकीचा पगार डेन्व्हरनं भरला. त्या काळातलं लिखाण आठवून पाहा. बहुतेक मजकूर विल्सन संपला का, या एकाच प्रश्नाभोवती फिरत होता. सुमारे २४ कोटींचा वाढीव करार त्याला सप्टेंबर २०२२ मध्ये दिला गेला. तेव्हा तो डेन्व्हरकडून एकही सामना खेळला नव्हता आणि त्याच्या जुन्या कराराची दोन वर्षं अजून शिल्लक होती. एवढी घाई का केली, हा प्रश्न त्या मानानं किती कमी विचारला गेला!

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. सॅलरी कॅप म्हणजे मालकांच्या खिशात जाणारी बचत नव्हे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०२० च्या सामूहिक करारानुसार लीगच्या उत्पन्नातला किमान ४८ टक्के वाटा खेळाडूंचा आहे आणि संघांना ठरावीक काळात कॅपचा मोठा हिस्सा खर्च करावाच लागतो. म्हणजे एकाला मोकळं करून वाचलेला पैसा दुसऱ्या खेळाडूकडेच जातो. संघटनेनं हे मान्य केलेलं आहे. शिवाय ब्रॉन्कोसनी तो अवजड डेड मनी वाहत २०२४ मध्ये नवखा क्वार्टरबॅक बो निक्सला खेळवलं आणि प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, गाठली. निर्णय खेळाच्या दृष्टीनं योग्य ठरला असं म्हणायला जागा आहे.

मला हे मान्य आहे. म्हणूनच खेळाडूला मोकळं करणं हाच अन्याय, असं मी म्हणत नाही. ५३ जागा आहेत, पैसा मोजका आहे, कुणाला तरी जावं लागणारच. माझं म्हणणं जोखमीच्या वाटणीबद्दल आणि दोषाच्या वाटणीबद्दल आहे. करार जाहीर होतो तेव्हा पाच वर्षांचा भलामोठा आकडा मथळ्यात झळकतो. तो संघालाही हवा असतो आणि खरं सांगायचं तर एजंटांनाही हवा असतो, कारण त्यांची पुढची गिऱ्हाइकं त्या आकड्यानंच येतात. त्यातली शेवटची दोन-तीन वर्षं बहुधा कधीच दिली जाणार नाहीत, हे सह्या करणाऱ्या दोन्ही बाजूंना ठाऊक असतं. ठाऊक नसतं ते वाचकाला. मग दोन वर्षांनी तोच आकडा खेळाडूच्या विरोधात वापरला जातो: 'इतके कोटी घेतले आणि काय दिलं?' त्यानं तितके कोटी घेतलेलेच नसतात.

आता उलट बाजूचं उदाहरण पाहू. २०२२ मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सनी डेशॉन वॉटसनला पाच वर्षांसाठी २३ कोटी डॉलरचा संपूर्ण हमीचा करार दिला. त्याच्यावर लैंगिक गैरवर्तनाचे गंभीर आरोप होते, लीगनं त्याच्यावर ११ सामन्यांची बंदी घातली, नंतर दुखापतींनी त्याला घेरलं, आणि संघाच्या दृष्टीनं तो करार फार महागात पडला. पूर्ण हमी का देऊ नये याचा दाखला म्हणून मालकवर्ग हेच नाव पुढे करतो. मला त्यात दुसरंच काही दिसतं. त्याला मोकळं करणं वहीला जवळपास अशक्य होतं, म्हणून त्या प्रकरणात लोकांनी योग्य दारावर थाप मारली. हा करार कुणी केला, कुणाच्या सांगण्यावरून केला, ड्राफ्टमधल्या पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन असा माणूस का आणला, हे प्रश्न वर्षानुवर्षं ब्राउन्सच्या मालकांना आणि व्यवस्थापकांना विचारले गेले. हमी असली की चुकीचा दोष करार करणाऱ्याकडे जातो. हमी नसली की तो खेळाडूकडे जातो.

म्हणूनच मालकांना हमी नको असते. त्या करारानंतर खेळाडूंच्या संघटनेनं लीगविरुद्ध लवादाकडे दाद मागितली. २०२५ मध्ये उजेडात आलेल्या निकालात लवादानं म्हटलं आहे की लीगच्या व्यवस्थापन मंडळानं २०२२ च्या बैठकीत संघांना अनुभवी खेळाडूंच्या करारांतली हमी कमी करण्यासाठी उत्तेजन दिलं होतं. संघांनी मिळून तसं संगनमत केल्याचं मात्र सिद्ध झालं नाही. त्याच वर्षी ह्यूस्टन टेक्सन्सनी ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत निवडलेल्या जेडन हिगिन्सला पूर्ण हमीचा करार दिला. दुसऱ्या फेरीतल्या खेळाडूला असा करार मिळण्याची ती पहिलीच वेळ. त्यानंतर त्या फेरीतले बहुतेक खेळाडू जुलैपर्यंत सही न करता थांबले. बावीस-तेवीस वर्षांच्या त्या मुलांना कळलं होतं की वाटाघाटी आकड्याच्या मोठेपणाबद्दल नाहीत, तिसऱ्या-चौथ्या वर्षी आपल्याला सहज काढता येईल का याबद्दल आहेत. आपल्या याद्यांमध्ये ही समज अजून पुरेशी उतरलेली नाही.

ऑगस्टमधल्या याद्यांचं दुखणं वेगळं आहे. तिथे वहीचा फारसा संबंध येत नाही, कारण बहुतेक मुलं किमान पगारावर असतात. ९० मधून ५३, म्हणजे प्रत्येक संघातून ३७, आणि ३२ संघांचे मिळून सुमारे १,२०० खेळाडू काही दिवसांत बाहेर. चार हंगामांहून कमी अनुभव असलेला खेळाडू आधी वेव्हर्सवर जातो. इतर संघ त्याच्यावर दावा सांगू शकतात, आणि आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिला हक्क असतो. कुणीच दावा केला नाही तर तो मोकळा, आणि मग कदाचित आपल्याच संघाच्या सराव-पथकात परत. अशा १६-१७ जागा असतात.

या यादीत शेवटच्या सात-आठ जागा कशा ठरतात? पाचवा रिसीव्हर झेल कसे घेतो यापेक्षा किकऑफच्या वेळी धावत जाऊन टॅकल करतो का, हे जास्त महत्त्वाचं ठरतं. एखाद्या लाइनमनच्या गुडघ्याला बुधवारी दुखापत होते, त्याच्याऐवजी आणखी एक लाइनमन ठेवावा लागतो आणि तिसऱ्या टाइट एंडची (दुसऱ्याच एका जागेवरच्या खेळाडूची) जागा जाते. दुसऱ्या संघानं कुणाला सोडलं यावर आपल्या संघातलं कोण राहणार हे अवलंबून असतं, म्हणून मंगळवारी ५३ मध्ये असलेला मुलगा बुधवारी दुपारी बाहेर असू शकतो. संघाच्या व्यवस्थापकालाही ते सोमवारी माहीत नसतं. मग आपल्याला कुठून असणार?

तरीही अंदाज पूर्ण खात्रीनं लिहिले जातात, आणि नंतर '५३ पैकी ४९ बरोबर' असा दावा होतो. हा दावा फसवा आहे. पहिली ४५ नावं संघ पाहणारा कुणीही सांगेल. प्रश्न उरलेल्या आठांचाच असतो. त्यातली निम्मी चुकली तरी ४९ येतात, म्हणजे ९२ टक्के. जिथे खरोखर अंदाज करायचा होता, तिथे नाणं उडवल्याइतकंच यश मिळालेलं असतं.

२००० साली न्यू इंग्लंड पेट्रियट्समध्ये असा अंदाज करणाऱ्या कुणीही चौथ्या क्वार्टरबॅकला वगळलं असतं, कारण संघ साधारणपणे दोन किंवा तीनच ठेवतात. पेट्रियट्सनी त्या वर्षी चार ठेवले. चौथा म्हणजे १९९व्या क्रमांकावर निवडलेला टॉम ब्रेडी. १९९४ मध्ये ग्रीन बे पॅकर्सनी कर्ट वॉर्नरला शिबिरातूनच परत पाठवलं. त्याच्या पुढे ब्रेट फाव्ह्र, मार्क ब्रुनेल आणि टाय डेटमर होते. जागाच नव्हती. तो सुपरमार्केटमध्ये रात्रपाळीला शेल्फं भरू लागला, मग इनडोअर लीगमध्ये खेळला, आणि १९९९ च्या हंगामात रॅम्स संघाला सुपर बोल जिंकून देऊन सर्वोत्तम खेळाडू ठरला. जेम्स हॅरिसनला पिट्सबर्गनं अनेकदा आणि बाल्टिमोरनं एकदा काढलं होतं. २००८ मध्ये तो लीगचा सर्वोत्तम बचावपटू होता. अशी उदाहरणं अपवादच आहेत, हे मला माहीत आहे. काढलेले बहुतेक जण परत येत नाहीत. पण वॉर्नरच्या नावापुढे १९९४ मध्ये 'दर्जा नाही' असं कुणी लिहिलं असतं तर ते चुकीचंच ठरलं असतं, तो पुढे कधीच खेळला नसता तरीही. तीन जागा होत्या आणि तो चौथा होता, एवढंच खरं होतं.

या मुलांच्या बाबतीत पणाला काय असतं तेही ध्यानात घ्यायला हवं. लीगचं निवृत्तिवेतन मिळण्यासाठी तीन हंगामांची नोंद लागते. संघाबाहेर काढला गेलेला दोन हंगामांचा खेळाडू केवळ एका जागेपासून दूर राहिलेला नसतो. कधी कधी तो आयुष्यभराच्या एका हक्कापासून काही सामने दूर राहिलेला असतो.

अंदाज बंद करा, असं माझं म्हणणं अजिबात नाही. मार्चमधल्या यादीत प्रत्येक मोठ्या नावासमोर चार गोष्टी असाव्यात: करार कोणत्या व्यवस्थापनानं आणि कधी केला, हमी कोणत्या तारखेला संपते, मोकळं केलं तर वहीत किती पैसा मृत राहतो, आणि दुखापतीची हमी केव्हा पक्की होते. ही माहिती बहुतेक करारांबाबत उपलब्ध असते. यादी करणारे तिच्याच आधारानं नाव काढतात, मग वाचकाला मात्र 'खेळ उतरला' एवढंच सांगतात. हंगामाच्या शेवटी एखाद्या निरोगी क्वार्टरबॅकला बसवलं तर त्याच दिवशी त्याच्या हमीची तारीख छापली जावी, प्रशिक्षकाला तिच्याबद्दल विचारलं जावं. आणि ऑगस्टमधल्या यादीत ४५ नावं लिहून उरलेल्या जागा मोकळ्या ठेवाव्यात. त्यांच्यासमोर कोण कोण झगडतं आहे, किकऑफला कोण धावतं, कुणाचा गुडघा दुखतो आहे, हे सांगावं. वाचायला मला तेच जास्त आवडेल.